पायाशी कोण बसणार?

नागपूरच्या विमानतळावर काचेच्या दाराबाहेर प्रत्येक निघणाऱ्याभोवती एक घोळका असतो आणि त्या घोळक्यात वाकावाकी चालू असते. आम्ही निघालो त्या दिवशीही चालू होती. आमच्या शेजारचा एक मुलगा आजीपासून सुरुवात करून ओळीने सगळ्यांच्या पाया पडत होता, आणि प्रत्येक वेळी पाठीवरची सॅक घसरून त्याच्या डोक्यावर येत होती. आमच्या घोळक्यात कुणी वाकलं नाही. बाबांनी आधी माझ्या नवऱ्याशी, सुमेधशी, हात मिळवला, मग माझ्याशी. नवीन शिक्षक शाळेत रुजू झाला की मुख्याध्यापक मिळवतात तसा. "जयभीम. पोचली की फोन कर," एवढंच म्हणाले. आई मात्र मला धरून रडायला लागली, तेव्हा बाबा तिला म्हणाले, "कायले रडून राहिली? पोरगी समोर चालली, मागं नाही."

मी हे लिहितेय ते तिकडे राहिलेल्या तुमच्यासाठी, जे दर फोनवर मला विचारता, "पण तू नेमकं करतेस काय गं तिथं?" आणि माझ्यासारख्या नवऱ्याच्या व्हिसावर इकडे आलेल्यांसाठीही, ज्या आत्ता कुठल्यातरी फ्लॅटच्या किचनमधून खालचं कार पार्क बघत उभ्या असतील. मी पण उभी होते, बायांनो. चांगली दोन हिवाळे उभी होते.

आधी बाबांबद्दल सांगते, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. बाबा म्हणजे रामटेके सर. नागपुरातल्या एका हायस्कूलमध्ये जन्मभर गणित शिकवलं. दहावीचा निकाल लागला की पोरं पेढे घेऊन घरी यायची आणि दारातच वाकायची. बाबा टुणकन मागे उडी मारायचे. "पाय कायले धरता बे? गणित धरा!" मी लहान असताना मला ही गंमत वाटायची. ती गंमत नव्हती. माझे आजोबा गावात पाटलाच्या ओट्याखाली, मातीत, उकिडवे बसून बोलायचे. ओट्यावर चढायची त्यांना मुभा नव्हती, त्यामुळे त्यांच्या डोळ्यांसमोर कायम वरच्यांचे पाय. बाबा आमच्या घराण्यातले खुर्चीवर बसलेले पहिले. त्यामुळे आमच्या घरात पाया पडणं बंद. देवाच्या नाही, माणसाच्या नाही, लग्नातही नाही. हात जोडायचे, जयभीम म्हणायचं, समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं.

तर अशा घरातली मी, एम.एस्सी. झूलॉजी, ज्युनियर कॉलेजात शिकवणारी रामटेके मॅडम, इंग्लंडात, लंडनजवळच्या स्लाऊला आले आणि 'सुमेध्स वाइफ' झाले. सुमेध इथल्या ट्रेडिंग इस्टेटमधल्या, म्हणजे एमआयडीसीसारख्या वसाहतीतल्या, एका टेक फर्ममध्ये. तो सकाळी जायचा आणि मी जॉब शोधायचे. शिकवायला इथली वेगळी क्वालिफिकेशन्स लागतात हे कळलं. मग वेअरहाउसमध्ये पॅकिंग केलं. लोकांचे टोस्टर आणि कुत्र्यांची जॅकेट्स खोक्यात भरली. त्याची मला लाज वाटली नाही, पण कंटाळा असा आला की स्वप्नातही सेलोटेप फाटायचा. शेवटी एका कम्युनिटी क्लिनिकमध्ये रिसेप्शनिस्टची नोकरी मिळाली. क्लिनिक पायांचं. नुसतं पायांचं! मी सुमेधला म्हटलं, "या देशात पायाला पण वेगळा डॉक्टर असतो, बोल."

तिथल्या पोडायट्रिस्टचं नाव कॅरल. वेल्सची, जाडजूड, मोठ्याने हसणारी बाई. पेशंट अर्धेअधिक आपल्याकडचे. पंजाबी आज्या, पाकिस्तानी काका, अधूनमधून एखादं मराठी जोडपं. इंग्रजी अडलं की कॅरल आतून हाक मारायची आणि मी फोन ठेवून आत जायचे. सुरुवातीला नुसतं भाषांतर. मग बघता बघता डोळे तिच्या हातांकडे जायला लागले. ती एक बारीक प्लॅस्टिकची तार घ्यायची, पेशंटला डोळे मिटायला सांगायची आणि तळव्याला तार टेकवून विचारायची, "कळलं?" डायबिटीस असलेला चांगला धडधाकट माणूस, हसत गप्पा मारणारा, आणि तार पायात रुतून वाकली तरी त्याला कळलेलं नसायचं. स्वतःचा पाय स्वतःला परका झालेला. हे बघून झूलॉजीच्या प्रयोगशाळेनंतर इतक्या वर्षांनी डोकं खडबडून जागं झालं. घरी जाऊन मी पायाच्या नसांबद्दल वाचत बसायला लागले. सुमेध म्हणायचा, "जेवताना तरी नखांचे फोटो नको गं."

एक दिवस कॅरल म्हणाली, "तू बाहेर रिसेप्शनला काय करतेयस? सायन्सची डिग्री आहे, दोन वर्षांचा मास्टर्स कोर्स आहे, अप्लाय कर." मी केलं. इंटरव्ह्यू दिला. सीट मिळाली! एप्रिलच्या शेवटापर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं.

आणि तिथे मी अडकले. खरं सांगू? अडकायला बाबा लागलेच नाहीत, मी एकटी पुरेशी होते. कॅरल चाकाच्या बुटक्या स्टूलावर बसायची आणि परक्या माणसाची टाच हातात घ्यायची. रिटायर होईपर्यंत रोज हेच. दुसऱ्यांचे पाय, त्यांची कुरूपं, त्यांच्या बोटांच्या बेचक्यांतला मळ. मी ते करू शकले असते, किळस मला येत नाही. पण रामटेके सरांच्या मुलीने करावं का, हा प्रश्न रात्रंदिवस डोक्यात. पुण्याच्या मैत्रिणीला सांगितलं तर ती फिदीफिदी हसली. "म्हणजे पेडिक्युअर? अगं, डेटा सायन्स कर ना त्यापेक्षा!" तिच्याशी मी महिनाभर बोलले नाही.

बाबांना व्हिडिओ कॉलवर सांगितलं. मी आधी कोर्स, युनिव्हर्सिटी, मास्टर्स, हे सगळे भारदस्त शब्द पुढे केले. बाबा खूश झाले. मग विचारलं, "विषय कोणता?" मी सांगितला. बाबांनी चष्मा काढला.

"म्हणजे लोकांचे पाय हातात घेणार तू."

"उपचार करणार, बाबा. मेडिकल काम आहे. ऑपरेशनसुद्धा करतात पुढे."

"बसणार कुठं?"

मला कळलंच नाही आधी. "म्हणजे?"

"पेशंट खुर्चीवर. तू कुठं बसणार?"

मग ते आवाज न चढवता म्हणाले, "तुझा आजोबा पायाशी बसला म्हणून मी हट्टानं खुर्चीत बसलो. तू इतकी शिकली, सातासमुद्रापार गेली, अन् फिरून तिथंच जाऊन बसणार?" आणि त्यांनी फोन आईच्या हातात दिला.

त्यानंतर बाबा फोनवर येईनात. आई बोलायची, मागे पेपरची पानं उलटल्याचा आवाज यायचा. "बाबा?" मी विचारायचे. "आहेत न इथंच. ऐकून राहिले," आई म्हणायची. ते ऐकून राहिले होते म्हणून तर मला धड काही बोलता येईना. चांगली तिशी ओलांडलेली बाई मी, वडिलांच्या पेपरच्या आवाजाला भ्यायले.

मग एप्रिल आला आणि जयंती आली. इथे जयंती जोरात होते. कुठली तरी शाळा किंवा कम्युनिटी हॉल घ्यायचा, लंडनभरातून माणसं यायची. आयटीवाले, वकील, बसचे ड्रायव्हर, इथेच जन्मलेली पोरं, निळे फेटे, भाषणं आणि शेवटी व्हेज पुलाव. त्या वर्षी कमिटीला हेल्थ कॉर्नर हवा होता. मी उत्साहाने म्हटलं, पायांची तपासणी ठेवू. शनिवार असून कॅरल आली, बिचारी साडी नेसू का म्हणाली, मी नको म्हटलं. टेबल मांडलं, खुर्ची मांडली, बोर्ड लावला.

एक माणूस आला नाही. लोक टेबलापर्यंत यायचे, "फार छान उपक्रम, ताई" म्हणायचे आणि जेवणाच्या रांगेत जायचे. आम्ही ज्यांच्यासाठी मांडलं त्यांच्यात डायबिटीस घरोघरी, बूट काढायला मात्र कुणी तयार नाही. नेमकं काय चुकलं ते मला कळेना. कॅरल तिसरा चहा पीत म्हणाली, "यांना पाय नाहीत का?"

शेवटी वानखेडे काका आले. काका स्लाऊचे जुने, बसडेपोत मेकॅनिक होते, आता रिटायर्ड. ते माझ्याशी खरं बोलले. "बाई, तू रामटेके सरांची पोरगी. मी यवतमाळचा, मला माहीत आहेत तुझे वडील. मी इथं खुर्चीत बसून पाय लांब करायचे आणि तू खाली बसून ते धरायचे? एवढ्या भाषणांच्या हॉलमध्ये? आपल्या पोरींना पायाशी बसवायला झगडलो का आपण?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाबांवरचा सगळा राग त्या भल्या माणसावर निघाला. "काका," मी जवळजवळ ओरडलेच, "मला कुणी बसवत नाहीये! मी बसतेय. शिकून बसतेय. मला वाटेल तेव्हा बसेन आणि काम झालं की उठेन. माझ्या आजोबांना उठायची सोय नव्हती. मला आहे. याच्यात तुम्हाला काही फरक दिसतो की नाही?"

आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. मी स्वतःच चकित झाले. कारण हे मी आधी ठरवून ठेवलेलं नव्हतं. ते तोंडातून बाहेर पडलं आणि सगळ्यांबरोबर मी पहिल्यांदा ऐकलं. आणि पटलं मला! इतके दिवस बाबांना काय उत्तर द्यायचं ते मला सुचत नव्हतं, आणि ते इथे पुलावाच्या वासात सुचलं.

काकांनी डोकं खाजवलं. मेकॅनिक माणूस, वादात फार पडत नाही, तोडगा काढतो. "असं करू. मी स्टेजवर बसतो. तू खालीच, पण उभी राहा. ताठ. मग माझं पण मन खाणार नाही." आणि खरंच त्यांनी खुर्ची उचलून स्टेजच्या कडेला मांडली, बूट काढले, मोजे काढले आणि पाय खाली सोडले. पाय बरोबर माझ्या छातीपाशी. भाषण संपलेलं होतं, सगळा हॉल बघत होता. कॅरलने पायातली नाडी ऐकायचं ते छोटं यंत्र काढलं, जेल लावलं आणि मला म्हणाली, तू धर, मी बघते. हॉलमधला गोंगाट इतका की काही ऐकू येईना. तेव्हा कुणीतरी माइक आणून यंत्राला लावला.

आणि वानखेडे काकांच्या पायातलं रक्त हॉलभर वाजायला लागलं. धुप्प, धुप्प, धुप्प. स्पीकर मोठे, भाषणांचे. लोक जेवायचे थांबले. एक इथली छोटी मुलगी किंचाळली, "मम्मी, आजोबाची हार्ट पायात गेला!" सगळे हसले, काका सगळ्यात मोठ्याने. मग म्हणाले, "अरे, माझा पाय भाषण देऊन राहिला!" आणि टाळ्या पडल्या.

त्यानंतर रांग लागली. स्टेजवर आणखी खुर्च्या चढल्या. वकील आले, कमिटीचे अध्यक्ष आले, त्यांच्या बायका आल्या. कॅरल सांगेल तसे मी उभ्याने, मान वाकडी करून तळवे बघत होते आणि थोड्या वेळात मान मोडायला आली, वर प्रकाश पण नीट पडेना. शेवटी एका बाईंना मी म्हटलं, "ताई, खाली या, मला नीट दिसत नाहीये." त्या खाली आल्या, मी स्टूल ओढलं आणि बसले. कुणी काही बोललं नाही. कुणाच्या लक्षातही आलं नसेल, माझ्या आलं.

त्याच संध्याकाळी मी युनिव्हर्सिटीला हो कळवलं. दुसऱ्या दिवशी आईला फोन करून म्हटलं, "बाबांना सांग, मी सीट घेतली. आणि हे पण सांग की मी तिथं बसणार आहे ते स्वतःहून बसणार आहे." मागे पेपरचा आवाज थांबला. पण बाबा आले नाहीत.

दोन वर्षं कशी गेली ते विचारू नका. नसा, हाडं, स्नायू, सगळं नव्याने. ब्लेड धरायला एकमेकांच्या टाचांवर शिकलो. क्रॉयडनच्या दवाखान्यात प्लेसमेंट, पहाटे ट्रेन, मग ट्राम, ट्राममध्ये उभ्याने नोट्स. सुमेधने तेवढ्या काळात पोळ्या करायला शिकून घेतलं आणि आता तो माझ्या पोळ्यांना नावं ठेवतो. पास झाले, रजिस्टर झाले, आणि आता एका क्लिनिकमध्ये खोलीच्या दारावर माझं नाव आहे. प्रज्ञा रामटेके, पोडायट्रिस्ट. लग्नानंतर आडनाव बदललं नाही, त्याचं सार्थक त्या दारावर झालं.

एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. स्टॅनमोरच्या एक मराठी आजी माझ्याकडे आल्या, मुलगा लंडनच्या सिटीत, म्हणजे बँकांच्या भागात, मोठ्या हुद्द्यावर. मी पायाला हात लावला तशा त्या दचकल्या. "अगं बाई, मला पाप लागेल!" आणि पाठोपाठ, सवयीने, माझ्या डोक्यावर हात ठेवून, "अखंड सौभाग्यवती हो." जन्मात मला कुणी असा आशीर्वाद दिला नव्हता, कारण जन्मात मी कुणाच्या पायापर्यंत वाकले नव्हते. मला हसू आवरेना. मग आजी खुलल्या, दारावरची इंग्रजी पाटी त्यांनी वाचली नसावी. "छान मराठी बोलतेस. आडनाव काय गं तुमचं?" हा प्रश्न आपल्याकडे नावासाठी विचारत नाहीत, हे तुम्हाला मी सांगायला नको. मी टाचेवरचा घट्टा काढत काढत सांगितलं, "रामटेके. आम्ही बौद्ध." आजींचा पाय जरासा मागे सरकायला लागला.

"हलू नका हं, आजी," मी म्हटलं, "हातात ब्लेड आहे."

पाय थांबला. मी काम पुरं केलं, क्रीम लावलं, पट्टी केली. आजी उठल्या, चालून बघितलं, दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या. "किती महिन्यांनी टाच टेकवली मी," म्हणाल्या. पुढची अपॉइंटमेंट माझ्याच नावाने घेऊन गेल्या. आता दर वेळी येतात, येताना चकल्या आणतात आणि अजून आशीर्वाद देतात. मी पण घेते. मला कुठे काही कमी पडतंय म्हणून नाही, पण देताहेत तर घ्यावा.

हे मी आईला सांगितलं तेव्हा मागून एक आवाज आला. पेपरचा नाही, हसण्याचा. मग आईने खबर दिली की बाबा हल्ली संध्याकाळी बागेत त्यांच्या पेन्शनर मित्रांना गणित घालतात. एका पायात सव्वीस हाडं, तर दोन पायांत किती? बावन्न. अंगात हाडं दोनशे सहा. म्हणजे जवळपास चौथाई हाडं माझ्या पोरीच्या खात्यात. "हृदयाच्या डॉक्टरकडे एक तरी हाड आहे का?" असं विचारतात म्हणे. मी किचनमध्ये एकटी होते. गॅस बंद केला आणि मनसोक्त रडले. आनंदाने रडले हो, दुसरं काय?

आणि गेल्या रविवारी दुपारी फोन वाजला. आईचा नाही, बाबांचा. स्वतः बाबांचा, इतक्या वर्षांनी. उघडला तर समोर बाग, सिमेंटचा बाक आणि बाकावर ओळीने बसलेले म्हातारे. बाबा फोन धरून वर्गात उभे असल्यासारखे बोलत होते. "चपला काढा. एक एक जण. मधी बोलायचं नाही, ती विचारेल तेवढंच सांगायचं. माझी मुलगी आहे, तिथं लोक महिना महिना नंबर लावतात." मग एकेक पाय फोनसमोर यायला लागला. भेगाळलेल्या टाचा, वाकडी झालेली बोटं, मधेच कुणाचा तरी कुत्रा. एक निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले, तळपायाची फार आग होते, उष्णता असेल, काशाच्या वाटीने तूप चोळतो. मी म्हटलं, काका, चोळा हवं तर, पण उद्या आधी साखर तपासा आणि डॉक्टरांना पाय दाखवा, मला फोनवर हात लावता येत नाही. "लिहून घे बे," बाबांनी त्यांना दटावलं.

सगळे झाले. मी विचारलं, "आणि तुमचे, बाबा?"

बाबा खाली स्वतःच्या चपलांकडे बघायला लागले. लोक मला विचारतात, आता घर कुठलं, नागपूर की स्लाऊ? मी आजवर दोन्ही म्हणायचे आणि दोन्ही खोटं वाटायचं. नागपूरला गेले की मी पाहुणी आणि इथे पोस्टकोड सांगताना अजून क्षणभर थांबते. पण त्या रविवारी मी स्लाऊच्या किचनमध्ये उभी होते, नागपूरची संध्याकाळ हातात होती, आणि मला कुठेही जावंसं वाटत नव्हतं. माझं काम माझ्या घरच्यांनी आपलं म्हटलं की जिथे असेन ते घर, असं मला तेव्हा वाटलं आणि अजून वाटतंय.

बाबांनी फोन पोस्टमास्तरांच्या हातात दिला. बाकावर बसले. सावकाश चपला काढल्या. ज्यांनी आयुष्यात कुणाला पायाजवळ येऊ दिलं नाही, त्या माणसाचे तळवे मी कधी पाहिलेच नव्हते. त्यांनी उजवा पाय उचलून कॅमेऱ्यासमोर धरला आणि दुसरीकडे बघत विचारलं, "दिसून राहिलं का नीट?"

"दिसून राहिलं, बाबा," मी म्हटलं. "आता डावा दाखवा."